कळमन्यातला सोयाबीनचा भाव आणि युरोप–मर्कोसुर करार

युरोपीय संघ आणि दक्षिण अमेरिकेतील मर्कोसुर हा गट यांच्यातील व्यापार कराराविषयीचा एक संदेश नागपूर, वर्धा, अमरावती भागातील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दोन्ही गटांनी एकमेकांसाठी सगळे आयात शुल्क एका फटक्यात शून्य केले, त्यामुळे ब्राझील-अर्जेंटिनाचे सोयाबीन युरोपात बिनशुल्क शिरणार आणि आपल्या सोयाबीनचा भाव आणखी पडणार, संत्र्याचीही तीच गत होणार, आणि भारताला यातून जाणूनबुजून बाहेर ठेवले आहे. मला हा संदेश चार जणांनी पाठवला आणि चौघेही सोयाबीन पेरणारे आहेत. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच तिचे कारण त्यांना चुकीचे सांगितले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

‘एका फटक्यात’ हा शब्दच आधी तपासू. मर्कोसुरची स्थापना 1991 साली असुन्सिओन येथील तहाने झाली आणि अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे व उरुग्वे हे तिचे संस्थापक सदस्य. युरोपीय संघाशी तिचा चौकट करार 1995 चा आहे. वाटाघाटींना 1999 मध्ये तोंड फुटले, जून 2019 मध्ये तत्त्वतः सहमती झाली, ॲमेझॉनच्या जंगलतोडीवरून ती अडकली आणि 6 डिसेंबर 2024 रोजी मोंटेव्हिडिओ येथे वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दोन्ही बाजूंचे 90 टक्क्यांहून अधिक वस्तूंवरचे शुल्क जाणार आहे, एवढे त्या संदेशात बरोबर आहे. पण ते टप्प्याटप्प्याने जाणार आहे, आणि युरोपातील शेतकरी ज्या मालाला घाबरतात तो तर कोट्यात बांधलेला आहे. गोमांसाला 99,000 टनांची मर्यादा असून त्यावरही 7.5 टक्के शुल्क राहते. कोंबडीच्या मांसाला 1,80,000 टनांपर्यंतच सूट आहे. आणि हे दोन्ही कोटे पहिल्याच दिवशी नव्हे, तर पाच वर्षांत पूर्ण भरायचे आहेत. उलट बाजूने मर्कोसुरचे पेट्रोल-डिझेलच्या मोटारींवरचे 35 टक्के शुल्क उतरायला 15 वर्षांपर्यंतचा काळ ठरला आहे.

आता सोयाबीन. संदेशाचा सगळा जोर याच मुद्द्यावर आहे आणि इथेच तो सर्वाधिक चुकतो, कारण युरोपात सोयाबीन आणि सोयापेंड यांवर आयात शुल्क मुळातच नाही. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या 1960 ते 1962 या काळातील फेरीत युरोपने तेलबिया आणि पेंड बिनशुल्क येऊ देण्याचे मान्य केले आणि तेव्हापासून ती वाट उघडीच आहे. ब्राझील आणि अर्जेंटिनाचा हा माल कित्येक दशके त्याच वाटेने युरोपच्या गोठ्यांत आणि कुक्कुटपालन केंद्रांत पोहोचतो आहे. जे शुल्क नव्हतेच, ते उठल्याने भाव कसा पडेल? शिवाय ब्राझीलच्या सोयाबीनचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक युरोप नसून चीन आहे.

मग भाव पडतो कशाने? गेल्या हंगामात चुलतभावाचा माल घेऊन मी नागपूरच्या कळमना बाजार यार्डात गेलो होतो. खरेदीदाराने ढिगात हात खुपसून मूठभर दाणे काढले, ओलावामापकात टाकले, आकडा 16 वर थांबला आणि भाव तिथेच खाली आला. सुकलेल्या मालाला वर किती मिळेल, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘प्लांटवाल्यांचा रेट काय निघतो ते पाहू.’ त्या एका वाक्यात सगळे गणित आहे. एक क्विंटल सोयाबीन गाळले की सुमारे 18 किलो तेल आणि 80 किलोच्या आसपास पेंड निघते, आणि कारखानदार या दोहोंच्या भावावरून दाण्याचा भाव ठरवतो.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, त्यामुळे तेलाचा भाव दिल्लीतल्या आयात शुल्काने हलतो. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या सोयातेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झाले. मे 2025 च्या अखेरीस ते 10 टक्क्यांवर आणले गेले, म्हणजे उपकरांसह 27.5 वरून 16.5 टक्के. पेंडीचे दुखणे वेगळे आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबडीखाद्यात स्वस्त पडतो आणि सोयापेंडीचा उठाव कमी होतो. ऑगस्ट 2021 मध्ये तर केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेली सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. 2024-25 चा हमीभाव 4,892 रुपये असताना भाव त्याच्या खाली राहिला, तो या कारणांनी, सोयाबीनचा जागतिक भाव ठरतो त्या शिकागोच्या बाजारातील मंदीने आणि मालातल्या ओलाव्याने. युरोपच्या कराराला दोष देणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे आहे, आणि याचे मला वाईट वाटते, कारण तोवर दिल्लीतल्या शुल्काविषयी प्रश्न विचारण्याची वेळ निघून जाते.

संत्र्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ब्राझीलचे संत्रे प्रामुख्याने रसाचे असते आणि युरोपात जातो तो रस. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला नागपुरी संत्रा सैल सालीचा, सोलून खाण्याचा. काटोल-वरुडच्या बागाईतदारांना फटका बसला तो बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यामुळे. ती बाजारपेठ आणि हा करार यांचा संबंध नाही.

राहिला भारताला वगळल्याचा मुद्दा. हा दोन गटांचा आपसातला करार आहे, त्यात तिसऱ्याला वगळण्याचा प्रश्नच येत नाही. उलट भारताचा मर्कोसुरशी स्वतःचा सवलतीचा व्यापार करार आहे. तो जानेवारी 2004 मध्ये झाला आणि 1 जून 2009 पासून लागू आहे. त्यात दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी जेमतेम साडेचारशे वस्तू आहेत आणि बहुतेकांवरची सूट 10 किंवा 20 टक्क्यांचीच आहे, म्हणून त्याचे नावही कोणाच्या कानावर पडत नाही. ही यादी वाढवण्याची बोलणी चालू आहेत. अर्जेंटिना आणि ब्राझील आपल्याला जे सर्वांत जास्त विकू पाहतात त्यात सोयातेल आहेच. तेव्हा या वाढीव यादीत खाद्यतेलाला कोणती सवलत मिळते, हे आपल्या शेतकरी संघटनांनी आणि विदर्भातल्या खासदारांनी आजपासूनच वाणिज्य मंत्रालयाला विचारले पाहिजे. पुढच्या हंगामात कळमन्यात ढीग पडेल तेव्हा त्याच्या भावाशी या यादीचा थेट संबंध येऊ शकतो.