ग्वानीन-थायमीन जुळतात, तरीही ठरलेल्या जोड्या दोनच

नमस्कार. डीएनएच्या दोन साखळ्या ‘बेस’ नावाच्या चार घटकांच्या ठरलेल्या जोड्यांनी जुळतात: ॲडेनीनसमोर थायमीन, ग्वानीनसमोर सायटोसीन. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ॲडेनीन आणि थायमीन दोन हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधल्या हलक्या ओढीनं) जुळतात असं मी लिहिलं, पण ग्वानीन आणि थायमीनमध्येही दोन बंध होऊ शकतात. म्हणजे ‘ठरलेल्या जोड्या’ ही पाठांतरासाठी केलेली सोय आहे, डीएनएत प्रत्यक्षात एवढं काटेकोर काही नाही.

यातलं ग्वानीन-थायमीनबद्दलचं विधान अगदी बरोबर आहे. निष्कर्ष मात्र पटत नाही. डीएनएत खरंच असा सैलपणा असता, तर १९५०च्या सुमारास जैवरसायनशास्त्रज्ञ अर्विन चारगाफ यांना वेगवेगळ्या सजीवांच्या डीएनएत ॲडेनीन थायमीनइतकंच आणि ग्वानीन सायटोसीनइतकंच सापडलं नसतं.

मग हा काटेकोरपणा येतो कुठून? नुसते बंध मोजून त्याचं उत्तर मिळत नाही, आकार पाहावा लागतो. ॲडेनीन, ग्वानीन दोन कड्यांचे. थायमीन, सायटोसीन एका कड्याचे. मोठ्यासमोर लहान आला तरच दोन साखळ्यांमधलं अंतर सारखं राहतं. एवढ्यानं ग्वानीन-थायमीन बाद होत नाही, तीही मोठ्या-लहानाचीच जोडी. पण दोन्ही ठरलेल्या जोड्या कल्पनेनं एकमेकींवर ठेवून पाहा. बेसला साखळीतल्या साखरेशी जोडणारी टोकं जवळजवळ एकाच जागी येतात. त्यांच्यातलं अंतर दोन्हींत सुमारे १.०५ नॅनोमीटर. ग्वानीनशी जुळताना थायमीनला बाजूला सरकावं लागतं आणि ही टोकं जागेवरून ढळतात. नवी साखळी बांधणारं डीएनए पॉलिमरेज हे विकर नेमकं इथंच अडतं.

याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा १९९७चा. रसायनशास्त्रज्ञ एरिक कूल यांच्या गटानं साच्यात (जिच्यावरून नवी साखळी बांधली जाते त्या साखळीत) थायमीनऐवजी डायफ्लुओरोटोल्युईन बसवलं. आकार थायमीनसारखाच, पण हायड्रोजन बंध करण्याची क्षमता जवळपास नाही. तरीही पॉलिमरेजनं त्याच्यासमोर प्रामुख्यानं ॲडेनीनच आणलं! बंध बिनकामाचे आहेत असा याचा अर्थ नव्हे; पण निवडीत आकाराचा वाटा किती मोठा आहे, हे यावरून दिसतं.

आता तुमच्या ग्वानीन-थायमीनकडे परत येऊ, कारण खरी गंमत तिथंच आहे. या बेसमधला एखादा हायड्रोजन क्वचित जागा बदलतो. तसं झालं की ग्वानीन-थायमीन बाजूला न सरकता, हुबेहूब ठरलेल्या जोडीच्या आकारात बसू शकतात. उत्परिवर्तनं (डीएनएतले टिकून राहणारे बदल) अशा दुर्मिळ रूपांतून होत असावीत, हे डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३मध्येच सुचवलं होतं. पुढे पॉलिमरेजमध्ये अडकलेल्या चुकीच्या जोड्यांच्या रचना पाहिल्या गेल्या, तेव्हा ग्वानीन-थायमीन खरोखरच त्या आकारात सापडली. म्हणजे तुम्ही दाखवलेला अपवादही पॉलिमरेजच्या नजरेतून सुटतो तो ठरलेल्या जोडीचा आकार घेऊनच. त्यातूनही जे निसटतं, त्यातलं बहुतेक पुढची तपासणी आणि दुरुस्ती काढून टाकते; शेवटी साधारण अब्ज बेसमागे एखादी चूक उरते.