‘कोर्टाला अधिकारच नाही’

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, फौजेत कुणी गेलं नाही असं घर शोधावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर तोफा सुरू झाल्या तेव्हा गावच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. माझा चुलतदादा सुभेदार म्हणून निवृत्त झालाय. फोनवर मला म्हणाला, “तुझ्या हेगातलं ते कोर्ट करालंय तरी काय रे? गाझात बघ, युक्रेनात बघ. कोण ऐकालंय त्याचं?”

दादा म्हणतो ते कोर्ट म्हणजे देशादेशांतले वाद ऐकणारं आंतरराष्ट्रीय न्यायालय. मी राहतो त्या नेदरलँड्समधल्या हेग शहरात त्याच्यावरून एक नंबरची ट्राम जाते. जानेवारी २०२४ मध्ये गाझावरून दक्षिण आफ्रिकेने इस्राएलविरुद्ध केलेल्या खटल्याची सुनावणी झाली, तेव्हा थंडीत फाटकाबाहेर एकीकडे पॅलेस्टिनी झेंडे होते, दुसरीकडे ओलिसांचे फोटो धरलेली माणसं. कोर्टावर राग असलेलेही आपलं म्हणणं मांडायला तिथेच आले होते. २६ जानेवारीला अंतरिम आदेश निघाला. युद्ध काही थांबलं नाही, आणि दादाचा संताप मला पटतो.

पण कोर्टाचे हात बांधतो कोण, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राने २००४ मध्ये सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. कर्नाटकाचं उत्तर काय? राज्यांच्या सीमा हा संसदेचा विषय, कोर्टाला अधिकारच नाही. दर एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, आपण याच उत्तरावर चिडतो.

हेगमध्ये तेच उत्तर आपल्या देशाने दिलंय. ऑगस्ट १९९९ मध्ये कच्छच्या सीमेवर आपण पाकिस्तानी नौदलाचं विमान पाडलं, सोळा जण गेले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात आला. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे पाकिस्तानसारख्या एकेकाळच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या, देशांशी असलेले वाद आम्ही या कोर्टापुढे नेऊ देणार नाही, असं भारताने १९७४ मध्येच लिहून दिलं होतं. त्या आधारावर २००० साली १४ विरुद्ध २ मतांनी खटला बाहेर गेला. आपण जिंकलो म्हणायचं.

त्याच १९९९ च्या मे महिन्यात कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि पाच जवान पाकिस्तानच्या हाती सापडले. मृतदेह परत आले तेव्हा अंगावर छळाच्या खुणा होत्या. युद्धकैद्यांच्या हालांना जिनिव्हा कराराची सक्त मनाई आहे. कालियांचे वडील वर्षानुवर्षं म्हणत राहिले, हे प्रकरण हेगला न्या. तिथे मात्र राष्ट्रकुलाची तीच अट आडवी आली. पाकिस्तानसाठी लावलेल्या कडीमागे आपलाच जवान अडकला. २०१९ मध्ये भारताने नवं निवेदन दिलं, त्यातही ही अट आहे आणि सशस्त्र संघर्षाशी संबंधित वादही वगळलेले आहेत.

दार उघडं असलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला वकिलातीच्या संपर्काबद्दलच्या व्हिएन्ना करारातून आत गेला. हरीश साळव्यांनी बाजू मांडली, आणि १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं गेलं. जाधव सुटलेले नाहीत, पण फाशीही झालेली नाही. घरच्यांना विचारा या फरकाची किंमत.

त्याच आठवड्यात, याच शहरात, नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या देशाला दोषी धरलं. १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात डच शांतिसैनिकांच्या तळावरून बाहेर काढलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांच्या मृत्यूची दहा टक्के जबाबदारी सरकारची, असा निकाल. दहा टक्के हा आकडा मला आजही अपुरा वाटतो. पण तिथल्या आयांनी परक्या देशाच्या कोर्टात त्याच देशाच्या सैन्याला जाब विचारला, आणि इथल्या वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवलं नाही.

म्हणून दादाला माझं सांगणं असं: कोर्टावर चिडायच्या आधी आपल्या खासदारांना गाठ. युद्धकैद्यांच्या छळापुरती तरी ही अट सरकार मागे घेणार का, हे त्यांनी संसदेत विचारावं. ज्या तालुक्यातून पोरं फौजेत जातात, त्या तालुक्याने हे विचारायला हवं.