मुदत संपलेलं औषध 'चालतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या आत्याची साखर ४१२ निघाली. आत्या कऱ्हाडला राहते, वय ७१, बारा वर्षांपासून इन्सुलिनवर आहे आणि पथ्यपाण्यात आमच्या घरात तिच्याइतकं कडक कुणी नाही. दादाचा फोन आल्यावर मी तिला विचारलं, इंजेक्शन चुकलं का? नाही म्हणाली. मग जरा वेळाने कबूल केलं, की फ्रीजच्या दारात गेल्या वर्षीची उघडलेली बाटली होती, ती फेकवेना म्हणून तीच संपवत होते. "अगं, तो मेसेज आला होता ना, तारखेनंतर दोन वर्षं औषध चालतं म्हणून."

'हॉस्पिटलमधला औषध घोटाळा, प्रत्येकाने वाचावे' या नावाने फिरणारा तो मेसेज बहुधा तुमच्याही फोनवर असेल. त्यातले दावे असे: सरकारी दवाखान्यात औषध 'संपलं' म्हणतात तेव्हा ते लपवलेलं किंवा बाहेर विकलेलं असतं. औषधांची एक्सपायरी ही कंपन्यांची चाल आहे, अमेरिकेच्या लष्करानेच ते सिद्ध केलंय. दवाखाने कोट्यवधींची औषधं मुदत संपली म्हणून नष्ट करतात, म्हणजे पैसे खातात. खाजगी रुग्णालयं सामानावर १७०० टक्के नफा घेतात. सुप्रीम कोर्टाने बाहेरून औषध आणायचा हक्क दिलाय, म्हणून रुग्णालयाच्या दुकानाचं बिल भरू नका. आणि शेवटी, रुग्णालयं तीन महिन्यांचा साठा ठेवतात, तुम्ही घरी सहा महिन्यांचा ठेवा.

मी एकोणीस वर्षं एका सरकारी रुग्णालयाचं औषध भांडार सांभाळलं आहे. इंडेंट म्हणजे मागणीपत्रं, बिन कार्ड म्हणजे साठ्याच्या नोंदी, बॅच नंबर (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) आणि मुदतीच्या याद्या यांतच माझं आयुष्य गेलं. म्हणून हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आत्याला ज्याने आडवं केलं त्या दाव्यापासूनच सुरुवात करते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्यांच्या औषध प्रशासनाला हाताशी धरून १९८६ पासून साठ्यातली औषधं तपासून त्यांची मुदत वाढवण्याचा कार्यक्रम खरंच चालवला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. १२२ औषधांच्या ३००५ बॅच तपासल्या आणि त्यातल्या ८८ टक्के बॅचची मुदत किमान एक वर्ष वाढवता आली. वाढीची सरासरी होती ६६ महिने. मेसेज लिहिणाऱ्याने इथवर वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. ती औषधं मूळ वेष्टनात होती, सील न फोडलेली, ठरावीक तापमानाच्या गोदामात ठेवलेली. प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासल्यावरच तिला वाढीव मुदत मिळाली, आणि नंतरही ती पुन्हा पुन्हा तपासली गेली. शिवाय त्याच अहवालात लिहिलंय, की एकाच औषधाच्या दोन बॅचमध्येही टिकण्याचा काळ खूप वेगवेगळा निघाला. म्हणजे 'दोन वर्षं चालतं' असा सरसकट नियम या अभ्यासातून निघतच नाही. बॅच न तपासता काही सांगता येत नाही, एवढंच निघतं. आत्याच्या फ्रीजच्या दारात कोणती प्रयोगशाळा होती?

आणि इन्सुलिन म्हणजे गोळी नव्हे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, गोठू द्यायची नाही. एकदा सुई टोचली की बहुतेक इन्सुलिनची बाटली साधारण २८ दिवसांत संपवायची किंवा टाकायची, छापील तारीख पुढच्या वर्षाची असली तरी. हे खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही, ही आम्हा फार्मासिस्टांचीही चूक आहे. बाटली देताना आम्ही तोंडाने सांगायला हवं. डोळ्यांत घालायच्या थेंबांचं आणि पाणी घालून कालवलेल्या मुलांच्या अँटिबायोटिकचंही तसंच, उघडल्या किंवा कालवल्या दिवसापासून वेगळं घड्याळ सुरू होतं. ज्यांना तारीखच वाचायची आहे त्यांच्यासाठी: नुसता महिना आणि वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वैध. त्यानंतर दुकानदाराने ते विकणं हा औषध नियमावलीनुसार गुन्हा आहे.

आता 'मुदत संपली म्हणजे पैसे खाल्ले' हा आरोप. याचा मला फार राग येतो, कारण तो अर्धवट माहितीवर केलेला आहे.

भांडारात मालाची दोन प्रकारे विभागणी करतात. एक पैशाची: ज्या थोड्या वस्तूंवर बहुतेक खर्च होतो त्या 'ए', मधल्या 'बी', किरकोळ 'सी'. दुसरी जिवाची: जिच्यावाचून माणूस दगावेल ती 'व्ही', गरजेची 'ई', असली तर बरी ती 'डी'. जीव वाचवायला ऐनवेळी द्यायच्या अॅड्रिनलिनची कुपी पैशाच्या यादीत तळाला, 'सी'. जिवाच्या यादीत मात्र पहिली. ती कपाटात असलीच पाहिजे आणि वापरायची वेळ आली नाही तर एक दिवस तिची मुदत संपणारच. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचंही तसंच. विषबाधेची लक्षणं दिसणाऱ्या रुग्णाला सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या हव्यातच. त्या भागात यंदा कुणाला साप चावला नाही आणि कुप्यांची तारीख उलटली, तर तो घोटाळा नाही. तो साठा रात्री दोन वाजता येणाऱ्या रुग्णासाठी ठेवलेला होता, तो रुग्ण आला नाही, याचा आनंदच मानायचा.

टाळता येण्यासारखी नासाडी वेगळी, आणि ती होते. मागणी गेल्या वर्षीच्या खपावर काढतात, डेंग्यूचं वर्ष गेलं की पुढच्या वर्षी सलाईनचे खोके पडून राहतात. एखादे सर्जन टाके घालायचा विशिष्ट धागा मागवतात, माल येईपर्यंत त्यांची बदली होते, नव्या डॉक्टरांना तो धागा नको असतो. निधी मार्चअखेर हातात पडतो, मग घाईने ऑर्डर जाते आणि कमी मुदतीचा माल गळ्यात येतो. पुरवठ्याच्या वेळी किती मुदत शिल्लक हवी ही अट निविदेत असते, पण समोर औषधाविना रुग्ण असताना तो माल परत पाठवायला फार छाती लागते. मी दोनदा पाठवला. तिसऱ्यांदा नाही पाठवू शकले.

यावर उपाय आहेत आणि ते कंटाळवाणे आहेत. आधी मुदत संपणारा माल आधी द्यायचा, म्हणून नवा खोका मागे, जुना पुढे. तीन महिने आधी यादी काढून शेजारच्या रुग्णालयांना फोन करायचे आणि त्यांच्याकडे खप असेल तर माल तिकडे द्यायचा. एवढं केलं तरी निर्लेखनाची, म्हणजे वाया गेला म्हणून साठ्यातून काढायच्या मालाची, यादी निम्म्यावर येते, हा माझ्या भांडाराचा अनुभव.

'संपलं म्हणतात ते विकलेलं असतं' याबद्दल: चोरी कुठेच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण टंचाईचं मोठं कारण खरेदीत आहे. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. औषधटंचाईचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला. तमिळनाडूने १९९४ मध्येच खरेदीसाठी महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, बॅच तपासल्याशिवाय वाटप नाही आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक, त्यातल्या रकमेतून हवं ते, हवं तेव्हा उचलायचं. रुग्णालयाने उचललं तसं गोदाम रितं होतं, गोदाम रितं झालं की ऑर्डर निघते. आमच्याकडे मी जूनमध्ये मागितलेलं जानेवारीत यायचं, आणि तोवर खिडकीवर शिव्या खायला मी. तो मेसेज वाचून आलेला माणूस त्या शिव्या अजून चढ्या आवाजात देतो, खरेदीचं वेळापत्रक मात्र कुणी विचारत नाही.

१७०० टक्क्यांचा आकडा खरा आहे, हे मला मान्य करावंच लागेल. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. रुग्णालयं मोठ्या प्रमाणावर माल घेतात आणि कंपन्यांना छापील किंमतच चढी लावायला भाग पाडतात, असंही त्यात म्हटलं होतं. पण हे 'काही वस्तूंवर, जास्तीत जास्त' आहे, प्रत्येक बिलावर नाही. आणि सरकारने मनावर घेतलं की भाव उतरतात: २०१७ मध्ये औषधवेष्टित स्टेंटला (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीला) २९,६०० रुपयांची कमाल किंमत लागली, त्याआधी तेच स्टेंट लाखाच्या पुढे विकले जात होते. तपशीलवार बिल मागा, त्यात न वापरलेले हातमोजे, सिरिंज परत केल्याची नोंद आहे का बघा. तो हक्क तुमचा आहे.

कोर्टाचं थोडक्यात. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रुग्णालयाच्याच दुकानातून औषध घ्यायला लावण्याचा प्रश्न राज्यांच्या धोरणावर सोपवला, स्वतः सक्तीचा आदेश दिला नाही. औषध कुठून घ्यायचं हे ठरवायचा हक्क रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, म्हणून चिठ्ठी घेऊन जरूर बाहेरून आणा. 'बिल भरू नका' असं कोर्टाने म्हटलेलं नाही.

राहता राहिला घरचा सहा महिन्यांचा साठा. आमच्या लशींच्या फ्रीजवर थर्मामीटर होता आणि दिवसातून दोनदा तापमानाची नोंद व्हायची, रविवारीसुद्धा. आत्याच्या फ्रीजच्या दारातून मी परवा पाच बाटल्या काढल्या. दोन उघडलेल्या, एक तळाशी गुठळ्या धरलेली, दोन अजून सीलबंद पण तारीख उलटलेल्या. सगळ्या पिशवीत घालून औषध दुकानात दिल्या. आता ती महिन्याला लागेल तेवढंच घेते, आणि बाटली उघडली की बॉलपेनने त्यावर तारीख लिहिते. काल सकाळी उपाशीपोटी साखर १३८ होती.