जानीनवर स्वतंत्र लेख हवा

चित्रकार सय्यद हैदर रझा आणि त्यांची फ्रेंच पत्नी जानीन मोंजिला यांच्या संसारावरचा लेख एका दमात वाचून काढला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेला मुलगा १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला जातो काय, तिथल्याच कलाशाळेत जानीन भेटते काय, आणि १९५९च्या लग्नानंतर फ्रान्सच घर होतं! पॅरिसइतकंच मन रमलं ते दक्षिणेतल्या गोर्बिओत, डोंगरावरच्या दगडी घरांच्या गावात. १९६२ला अमेरिकेत बर्कलीत शिकवताना अमूर्त चित्रकार रॉथकोची चित्रं जवळून पाहिली आणि रझांचा ब्रश किती मोकळा झाला, हेही लेखात छान आलंय.

पण जानीन फक्त 'पत्नी' म्हणून येते, ते खटकलं. ती स्वतः चित्रकार आणि शिल्पकार होती. टाकून दिलेल्या वस्तू, कागद जुळवून ती रचना करायची. रंगांनी तुडुंब भरलेल्या कॅनव्हासशेजारी हे असं काम एकाच घरात चालायचं, त्याबद्दल वाचायला फार आवडेल. २००२ला ती गेल्यावरही रझा आठेक वर्षं तिकडेच राहिले, २०१०च्या अखेरीस दिल्लीत परतले. तिच्या कामावर, चित्रांसकट, दुसरा भाग नक्की लिहा.