रेडमधून डिस्क बाहेर पडते, तेव्हा लॉकला दोष देण्याआधी

पुण्यातल्या सिस्टिम ॲडमिन मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. सर्व्हरच्या रेडमधून (अनेक डिस्क जोडून, एखादी गेली तरी डेटा वाचवणारी रचना) डिस्क सारखी बाहेर पडत असेल, म्हणजे सर्व्हर तिला बाद करत असेल, तर ते सर्व्हर कंपनीचं लॉक, म्हणजे बाहेरच्या डिस्कवरची बंदी, असतं म्हणे. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातल्या तपकीर गल्लीतून मिळेल ती डिस्क घ्या, ताजं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) टाका, बाहेर पडलेली डिस्क ‘फोर्स ऑनलाइन’, म्हणजे जबरदस्तीने परत चालू, करा. रेड आहे, डेटा कुठे जात नाही.

भोसरीतल्या छोट्या कारखान्यात टॅली आणि ड्रॉइंग एकाच सर्व्हरवर असतात, आणि तिथला माणूस हे वाचून खरंच तसं करतो. म्हणून हे उत्तर.

लॉकची गोष्ट निव्वळ थाप नाही. डेलने 2010 मध्ये पर्क एच700 आणि एच800 या कंट्रोलरवर (रेडमधल्या डिस्क सांभाळणारी कार्डं) बाहेरच्या डिस्क अडवल्या होत्या. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी माघारही घेतली. पण लॉक असलं तर डिस्क लावतानाच अडते. तीन आठवडे मुकाट चाललेली डिस्क रात्री बॅकअप चालू असताना बाहेर पडली, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

बहुतेक वेळा ते ‘मिळेल ती डिस्क’ यातच सापडतं. डेस्कटॉप डिस्कला खराब सेक्टर (डेटा साठवणारा छोटा तुकडा) लागला की ती तो वाचायचा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी जास्त. घरच्या पीसीत ते बरोबरच, कारण तिथे त्या डेटाची दुसरी प्रत नसते. सर्व्हरची डिस्क साधारण 7 सेकंदांत हात टेकते आणि एरर कळवते. कंट्रोलर तेवढा भाग बाकीच्या डिस्कवरून काढून परत लिहितो. डेस्कटॉप डिस्क मात्र उत्तरच देत नाही. कंट्रोलर ठरलेला वेळ थांबतो आणि तिला मेलेली समजून बाहेर काढतो. मग तीच डिस्क पीसीला लावली की ठणठणीत, आणि ‘बघा, लॉकच होतं’ म्हणायला मंडळी मोकळी! डिस्क बनवणारी वेस्टर्न डिजिटल लवकर हात टेकण्याच्या या सोयीला टीएलईआर म्हणते, सीगेट ईआरसी. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रामने एससीटी ईआरसी, म्हणजे हीच सोय, तपासा. 70 दिसलं तर 7 सेकंद. सोयच नसेल तर ती डिस्क कंट्रोलर कार्डावर चालणाऱ्या हार्डवेअर रेडला देऊ नका. बंद असेल तर चालू करता येते, पण वीज गेली की बऱ्याच डिस्कवर ते सेटिंग पुसलं जातं.

नुसत्या ‘एनएएस’ (नेटवर्कवरची सामायिक साठवण) लेबलवरही जाऊ नका. वेस्टर्न डिजिटलच्या 2 ते 6 टीबीच्या ‘रेड’ नावाच्या काही एनएएस डिस्कमध्ये एसएमआर तंत्र (एकमेकांवर चढवलेले ट्रॅक) असल्याचं 2020 मध्ये उघड झालं. रिबिल्डच्या, म्हणजे डिस्कवर डेटा पुन्हा भरण्याच्या, सलग लिखाणात अशा डिस्क रखडतात, कधी बाहेरही पडतात.

आता ‘ताजं फर्मवेअर’. जानेवारी 2009 मध्ये सीगेटने बाराकुडा 7200.11 च्या दोषावर दुरुस्ती काढली, तर त्या पहिल्याच फर्मवेअरने 500 जीबीच्या काही डिस्क ठप्प केल्या. उलट सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईच्या काही सॅस एसएसडी (सर्व्हरच्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) वापराचे 32,768 तास भरले की डेटासकट बंद पडायच्या. 2019 मध्ये आलेलं फर्मवेअर वेळेत टाकणं हाच त्यावर उपाय होता. अशा एसएसडी एकाच दिवशी बसवल्या असतील तर जवळपास एकदमच जाणार, तिथे रेड काय करेल? तेव्हा फर्मवेअर टाकायचं ते रिलीज नोट वाचून, नेमक्या पार्ट नंबरचं, बॅकअप तपासून. डेल-एचपीईच्या नावाने आलेल्या डिस्कला मूळ उत्पादकाचं फर्मवेअर लावायच्या फंदात पडू नका. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते, हे काम तेव्हाच काढा.

त्याआधी कंट्रोलरचा लॉग उघडा. मेगारेड जातीच्या कंट्रोलरमध्ये ‘मीडिया एरर’ वाढत असतील तर डिस्कच चालली आहे. ‘अदर एरर’ वाढत असतील तर केबल, बॅकप्लेन (डिस्क खोचायचा बोर्ड), वीजपुरवठा किंवा टाइमआउट बघा. साटा डिस्कच्या स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 199 क्रमांकाचा सीआरसी आकडा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, चढत असेल तर आधी केबल बदला. तिथे नवं फर्मवेअर टाकून काहीच साधणार नाही.

फॉरवर्डमधला सगळ्यात घातक सल्ला ‘फोर्स ऑनलाइन’चा. रेड 5 (एक डिस्क गेली तरी चालणारी रेड) मधली एक डिस्क रात्री बाहेर पडली आणि सर्व्हर चालूच राहिला, तर तिच्यावरचा डेटा तेव्हापासून शिळा. तिला जबरदस्तीने ऑनलाइन केलं की कंट्रोलर तो शिळा डेटा खरा धरतो आणि फायली बिघडतात. तिथे रिबिल्डच हवं. दोन डिस्क बाहेर पडून ॲरे (डिस्कचा पूर्ण संच) बंद झाला असेल, तरच फोर्सचा विचार, आणि तोही शेवटी पडलेल्या डिस्कपुरता. कोणती डिस्क आधी पडली हे लॉगमधल्या वेळेवरून कळतं, म्हणून लॉग पुसण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा.