पिवळ्या पट्ट्यात फक्त बंगले? त्या फॉरवर्डला उत्तर

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: विकास आराखड्यात पिवळ्या रंगानं दाखवलेल्या निवासी पट्ट्यात फक्त बंगले चालतात, अपार्टमेंट बेकायदा. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीच लागत नाही. एनएची, म्हणजे बिनशेती परवानगीची, कटकट संपली, तेव्हा हिरव्या पट्ट्यात चार गुंठे घ्या आणि फार्महाऊस बांधा. निवासी पट्ट्यात घरातून कुठलाही धंदा करता येत नाही. मोठ्या ले-आउटमध्ये बिल्डरला २० टक्के घरं गरिबांसाठी ठेवावीच लागतात. आणि शेवटी सल्ला, की शेजारी अपार्टमेंट उठताना दिसलं की ‘झोनचं उल्लंघन’ असा अर्ज टाका, काम बंद पडतं.

माझं पोट लोकांचे नकाशे मंजूर करून घेण्यावर चालतं. हे आधीच सांगतो, म्हणजे मी बिल्डरांचा माणूस असल्याचा शोध कुणाला वेगळा लावायला नको.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि तोच सगळ्यात चुकीचा आहे. मुंबई आणि काही मोजके अपवाद सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. आमच्या धंद्यात तिला सगळे ‘यूडीसीपीआर’च म्हणतात. तिच्यात निवासी पट्ट्याचे आर-१ आणि आर-२ असे दोन भाग आहेत, पण ते बंगला आणि अपार्टमेंट असे पाडलेले नाहीत. फरक समोरच्या रस्त्याच्या रुंदीचा आहे. अरुंद रस्त्यावरचा प्लॉट आर-१, रुंद रस्त्यावरचा आर-२. राहण्याचं घर दोन्हीकडे चालतं, एकमजली असो की सोळा फ्लॅटचं. आर-२ मध्ये दुकानं, कार्यालयं वगैरेंना जास्त मोकळीक मिळते, एवढंच.

मग बंगल्यांच्या गल्लीत सात मजले का उभे राहत नाहीत? कारण रस्ता. दाट वस्तीचा जुना भाग सोडून बाहेरचा ३०० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१०, म्हणजे ३३० चौरस मीटर. तिथे महापालिकेला प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन तो वाढवता येत नाही. तोच प्लॉट ९ मीटरच्या रस्त्यावर असेल तर ०.५० प्रीमियमचा आणि ०.४० टीडीआरचा धरून २.०० पर्यंत जाता येतं, म्हणजे ६०० चौरस मीटर. शुल्क भरून मिळणारा पूरक एफएसआय आणखी वेगळा. रस्ता १२, १५, २४ मीटर असा रुंदावत गेला की आकडा चढत जातो. पुढे सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवतीची मोकळी जागा, आणि पार्किंग सोडावं लागतं, आणि छोट्या प्लॉटवरचं निम्मं गणित तिथेच आटोपतं. होटगी रोडच्या बाजूला विमानतळामुळे उंचीची मर्यादा येते. विमानांना अडथळा ठरलेली तिथल्या साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये कशी पाडली ते अख्ख्या शहरानं पाहिलंय. भुईकोट किल्ल्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये केंद्राच्या पुरातत्त्व कायद्याखाली वेगळी परवानगी. तिथे तुमचा पट्टा पिवळा आहे की निळा, याला कुणी विचारत नाही.

‘फक्त बंगले’ ही कल्पना बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या व्हिडिओतून उचललेली आहे. तिकडे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर, असे पट्टे खरोखर आखलेले असतात. १९२६ मध्ये युक्लिड गावच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं झोनिंग वैध ठरवलं आणि तसं करताना घरांच्या वस्तीत घुसणाऱ्या अपार्टमेंटला चक्क परजीवी म्हटलं. आता ओरेगनसारखी राज्यंच ते पट्टे मोडीत काढतायत, २०१९ चा कायदा त्यासाठीच आहे. आपल्या नियमावलीत असा पट्टा नाही. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या बाजूनं सांगायला हवी. काही जुन्या गृहनिर्माण सोसायट्यांना जमीन देतानाच अटी घातलेल्या असतात, भाडेपट्ट्यात किंवा वाटपाच्या आदेशात. तिथे अपार्टमेंट अडू शकतं. पण ते त्या कागदातल्या अटीमुळे. विकास आराखड्यात ती अट शोधून सापडणार नाही.

१५० चौरस मीटरचं थोडक्यात. मंजूर ले-आउटमधल्या अशा छोट्या प्लॉटला परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत, हे खरं. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यानं नियमात बसणारा नकाशा दाखल करायचा आणि शुल्क भरायचं. ती पावती हीच परवानगी. नकाशा न देताच पाया खणला तर ते बांधकाम अनधिकृतच.

फार्महाऊसच्या नादात मात्र लोकांचे पैसे बुडतायत. विकास आराखड्यात निवासी दाखवलेल्या जमिनीला वेगळी एनए परवानगी लागत नाही, ठरलेली रक्कम भरून काम होतं. ही सवलत जमीन आराखड्यात ज्या वापरासाठी दाखवली आहे त्याच वापराला आहे. जमीन हिरव्या पट्ट्यात असेल तर तिथला वापर शेतीचा, आणि शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर लागतं, म्हणजे आपलं साधारण एक एकर. चार गुंठ्यांत बसवलेल्या त्या पत्र्याच्या गेटला आणि लॉनला ब्रोशरमध्ये काहीही म्हणोत. तुकडेबंदीत (जमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीत) मिळालेली सूट व्यवहाराच्या नोंदीबद्दल आहे, तिनं पट्टा बदलत नाही. इसार देण्याआधी नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. सातबाऱ्यावर झोन लिहिलेला नसतो.

‘घरातून धंदा बंद’ हे वाचून तर हसूच आलं. हा नियम खरा असता तर शहराचा अर्धा पूर्व भाग बेकायदा ठरला असता. तळमजल्यावर माग आणि माडीवर संसार, किंवा कारखान्यातून पान-तंबाखू आणून उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका, यावर हे शहर वाढलं. नियमावलीत घरगुती व्यवसाय, डॉक्टरचा दवाखाना, वकिलाची कचेरी हे सगळं आर-१ मध्येही चालतं. मर्यादा येते ती यंत्रांच्या विजेवर आणि धंद्याच्या आकारावर. या मर्यादेची चेष्टा करू नये. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. त्यात कारखान्याच्याच इमारतीत राहणारं मालकाचं कुटुंब होतं, लहान मुलासकट. सूत आणि कापड साठवलेल्या जागेत झोपण्याची खोली असू नये, पट्टे वेगळे आखण्यामागे मुळात एवढंच आहे. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही, शिलाई मशीनवर मात्र बंदी.

राहिली २० टक्क्यांची गोष्ट. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी २० टक्के ठेवायची, हा नियम आहे. तो घातलाय दहा लाख आणि त्यापुढच्या लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८. पन्नास हजारांपेक्षाही कमी फरकानं हुकलो! तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात जाऊन ‘गरिबांचा कोटा दाखवा’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. आपल्याकडे कामगारांना घरं मिळाली ती वेगळ्याच वाटेनं, संघटना, सहकारी संस्था आणि सरकारी अनुदान यांच्या जोरावर. कुंभारीत २००६ मध्ये विडी कामगारांची दहा हजार घरं झाली. मग रे नगरचा तीस हजार घरांचा प्रकल्प, ज्यातली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली. हे सगळं महापालिकेच्या हद्दीबाहेर. शहराच्या आत, निवासी पट्ट्यात, परवडणारं घर बांधायला भाग पाडणारा नियम सोलापूरला लागूच नाही. ओरडायचं असेल तर यावर ओरडण्यासारखं आहे.

आता तो अर्ज. ‘झोनचं उल्लंघन’ एवढंच लिहिलेला कागद फायलीत जातो आणि तिथेच राहतो. शेजारच्या इमारतीबद्दल खरंच शंका असेल तर मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. त्यावर रस्त्याची रुंदी किती धरली आहे ते बघा आणि ती आराखड्याशी ताडून पाहा. रस्तारुंदीत जाणारी जागा सोडली आहे का, बाजूचं आणि मागचं अंतर टेपनं किती भरतं, नकाशातल्या पार्किंगच्या जागी गाळे तर काढले नाहीत ना, हे तपासा आणि आकड्यांसकट लिहा.