आज लिफ्टमधून सेंट बर्नार्ड उतरला

आमच्या दारासमोरच लिफ्ट उघडते हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी भाजीची पिशवी खाली ठेवून कुलूप काढत होते, तेवढ्यात लिफ्टमधून चौथ्या मजल्यावरची ती, तिची सहा वर्षांची लेक आणि दोघींच्या मध्ये पांढऱ्या-तांबूस केसांचा एक गोळा बाहेर पडला. वय तीन महिने आणि पंजे माझ्या मुठीएवढे. "काकू, हा मोदक! सेंट बर्नार्ड आहे. हिच्या वाढदिवसाचं गिफ्ट." पोरीच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मोदकाची जीभ मात्र हातभर बाहेर. सकाळचे साडेनऊ, एप्रिलचा दुसरा आठवडा, नागपूर.

अशा वेळी शहाणं माणूस "अगंबाई, किती गोड!" म्हणून घरात जातं. मी म्हणाले, "नवतपात काय करणार गं ह्याचं? मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या भट्टीत?" ती हसली. "काकू, दोन एसी आहेत न." त्यावर मी त्या लेकरासमोर जे बोलले ते बोलायला नको होतं. "कुत्रा आणलाय की सोफा?" पोरीचं तोंड एवढंस्सं झालं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. वरणाला फोडणीसुद्धा दिली नाही आज.

पण चुकीचं काय बोलले, सांगा न! असलं कुत्रं नागपुरात आणणं आपल्यातल्या कुणालाच पटत नाही हे मला माहीत आहे. सोफा घेताना माणूस टेप घेऊन दाराची रुंदी मोजतो. पुढची आठ-दहा वर्षं जे जनावर आपल्या भरवशावर जगणार, त्याचा मात्र मोबाइलवरचा एक फोटो पुरतो. बर्फात बसलेला, गळ्यात छोटंसं पिंप. ते पिंपसुद्धा खरं नव्हे बरं का! एका इंग्रज चित्रकाराने चित्रात काढलं आणि जगाने धरून ठेवलं. खरी होती ती सेंट बर्नार्ड नावाची खिंड. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या मध्ये, जवळजवळ 2,470 मीटरवर. तिथल्या मठातले साधू ही कुत्री पाळायचे आणि बर्फात अडकलेल्या वाटसरूंना हुडकायला पाठवायचे. त्यांच्यातला बॅरी 1814 मध्ये गेला, त्याने चाळीसच्या वर जीव वाचवले असं सांगतात. पेंढा भरलेला बॅरी आजही बर्नच्या संग्रहालयात उभा आहे. गंमत अशी की, पुढे लांब केसांची पैदास झाली तेव्हा त्या केसांत बर्फ अडकून कुत्रीच जड व्हायला लागली आणि डोंगरावर निरुपयोगी ठरली. म्हणजे ज्या कामासाठी ही जात जन्मली, त्या कामालाही तो लांब केसांचा कोट धड चालला नाही. तो आम्ही वर्धा रोडवरच्या चौथ्या मजल्यावर चालवणार!

तुमच्यातल्या जुन्या लोकांनी ओळखलं असेल की हे मोदकावरून नाही, भालूवरून, आमच्या कुत्र्यावरून चाललंय.

2009 चा जून. आम्ही चौघं मनालीला गेलो होतो. रोहतांगच्या वाटेवर, मढीच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. वरच्या कुरणाकडे निघालेल्या गद्दी मेंढपाळांचा कळप रस्त्यावरून चालला होता. कळपाबरोबर काळी, केसाळ, वासराएवढी कुत्री. एकाच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा होता. बिबट्या पहिल्यांदा नरडं धरतो, म्हणून. धाकटी नुसती बघत राहिली. आणि टपरीमागच्या गोणपाटावर तसलंच पिल्लू. ह्यांनी विचारलं, देणार का? टपरीवाला आधी नाहीच म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नीचे मत ले जाओ मैडम, ये बरफ का बच्चा है." आम्ही हसलो आणि त्याच्या हातात तीनशे रुपये कोंबले.

टोपलीत लपवून आणला. झाशीला गाडी थांबली आणि दार उघडल्याबरोबर भट्टीसारखी हवा आत आली. पिल्लाने टोपलीतून मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच उतरून परत जायला हवं होतं. कुणी जातं का हो असं? नाही जात.

नागपुरात पहिलं वर्ष मजेत गेलं. पहिल्याच उन्हाळ्यात मी शहाणपणा करून त्याचे केस मशीनने पार उतरवले. तेव्हा डॉक्टर माझ्यावर खेकसले. या कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात, आतली लोकर आणि वरची राठ जावळ. ती थंडी रोखते तशीच उन्हाची तिरीपही अडवते. कातरली की कातडी उघडी पडते आणि नंतर केस नीट येतीलच असंही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडासा येतो तेवढाच. बाकी सगळा कारभार जिभेवर. धापा टाकून तोंडातलं पाणी उडवायचं आणि थंड व्हायचं. मग कूलर लावा म्हणाल, तर कूलर हवा दमट करतो. दमट हवेत ते पाणी उडेल कसं? मृग जवळ आल्यावर आपल्यालाच कूलरसमोर चिकचिक होते न, तसंच. आम्ही कूलरच्या ताट्या दरवर्षी नव्या बसवायचो, वाळ्याचा वास घरभर, आणि भालू सरळ न्हाणीत जाऊन पोट फरशीला लावून झोपायचा. घरातल्या थंड जागा त्याला आमच्याआधी कळायच्या.

आणि रात्री! दिवसभर मेल्यागत पडलेला कुत्रा रात्री अकरानंतर जागा व्हायचा. ही रात्रपाळीचीच कुत्री. कळप झोपतो तेव्हा यांची ड्यूटी सुरू. पलीकडच्या गल्लीत सायकल पडली तरी भो भो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्यावर काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही, त्यातले तिघे या लिस्टमध्ये आहेत. (नमस्कार!) "शिकवत का नाही?" म्हणायचे. अहो, शिकवायचं काय? शेकडो वर्षं माणसाने यांना हेच शिकवलंय की मालक दोन डोंगर पलीकडे असेल, हुकमाची वाट पाहू नकोस, तुझं तू ठरव. त्याला "बस" म्हटलं की तो आधी विचार करायचा आणि बऱ्याचदा उभाच राहायचा.

रात्री दोनच्या सुमारास मात्र घरभर एक फेरी मारायचा. नखांचा टकटक आवाज यायचा. आधी मोठ्याच्या खोलीत, मग धाकटीच्या, मग आमच्या. प्रत्येक पलंगाजवळ थांबून नाक लावायचा आणि पुढे. मेंढ्या मोजायचा, दुसरं काय! मोठा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला त्या ऑगस्टमध्ये तो त्याच्या खोलीच्या दारात उभा राहायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. एक मेंढरू कमी भरत होतं. पंधरा दिवस असं चाललं.

हे लिहिताना डोळ्यांत पाणी आलंय. थांबा जरा.

तर सेंट बर्नार्ड. मान्य आहे, स्वभावाने गाय असतो. लेकरांना जपतो, अंगावर खेळू देतो, आमच्या भालूसारखा रात्रभर भुंकत नाही. ठीक आहे. पण वर्षा-दीड वर्षात हाच मोदक साठ-सत्तर किलोचा होणार. म्हणजे तिच्या नवऱ्याएवढा. शेपटी हलवली की टीपॉयवरचे कप खाली. लाळ इतकी की भिंतीवर उंचीप्रमाणे पट्टा उमटतो. त्यातून वाढत्या वयात असल्या जड कुत्र्यांच्या सांध्यांना जिना वाईट, खुब्याचं दुखणं या जातीत घरोघरी. आणि आपल्याकडे लाइट गेली की लिफ्ट बंद! चार मजले कोण उचलून नेणार, वॉचमन? कधी पोट फुगून जठराला पीळ पडला तर हातात तास-दोन तास असतात, त्यात तो आधी जिना उतरणार का? गोचीड ताप वेगळाच. एवढ्या केसांत गोचीड शोधायला बसलं की अख्खा रविवार जातो, मी बसलेली आहे. आणि एवढं सगळं करून आयुष्य किती, तर आठ-दहा वर्षं. त्याचाच गाववाला तो बर्नीज, तीन रंगांचा, हल्ली सगळ्यांना हवा असतो, तो तर सात-आठ वर्षांतच बऱ्याचदा कॅन्सरने जातो. पोरगी दहावीला असेल तेव्हा हे घरात घडणार. गिफ्ट म्हणे!

हो, कुणीतरी म्हणेलच की लॅब्राडोरचे पूर्वजही बर्फाळ मुलखातलेच आणि आज ते गल्लोगल्ली आहेत. असतील. मसुरीला कुणाचा बंगला असेल, तिथे पाळा दोन सेंट बर्नार्ड, मी बघायला येईन. माझं भांडण त्या कुत्र्याशी नाहीच. आणि हे नागपूर आहे, इथे मे महिन्यात 45-46 ला माणसं खिशात कांदा ठेवून फिरतात.

आमच्या धनगरांकडे काय कुत्री नाहीत? कळपामागे मैलोन् मैल चालतात, लांडग्याला भिडतात, भर उन्हात. आणि या आमच्याच गेटवर गेल्या पावसाळ्यात पाच पिल्लं झाली, त्यातली दोन जगली. भुऱ्या रंगाची, पातळ केसांची, पायांत स्प्रिंग असलेली. या उन्हासाठीच घडलेली. त्यांच्याकडे त्या पोरीच्या आईबापांनी कधी वळून पाहिलं असेल? गाडी काढताना हॉर्न मारला असेल तेवढाच.

बघा, पुन्हा चिडले. मीही तेव्हा कुठे वळून पाहिलं होतं! मलाही डोंगरच हवा होता घरात. ट्रिपची आठवण म्हणून फ्रिजवर मॅग्नेट लावतात, तसा मी एक जीव आणला.

आता एक गोष्ट लिहिते. इतकी वर्षं कुठे लिहिली नाही.

मे 2014 मध्ये याच भिंतीवर मी टाकलं होतं की भालू हार्ट अटॅकने गेला. तुम्ही सगळ्यांनी खाली इतकं प्रेमाने लिहिलं होतंत. ते हार्ट अटॅकने नव्हतं. नवतपा लागला होता, ह्यांच्या भाच्याचं लग्न होतं, धाकटीलाही आम्ही घेऊन गेलो. कूलर सुरू ठेवला, टाकी भरली, पाण्याचं पातेलं भरलं, पडदे ओढले. मनात म्हटलं, तीन-चार तासांचा तर प्रश्न. दुपारी एकच्या सुमारास कोपऱ्यावरची विजेची डीपी जळाली. आम्ही तेव्हा पंगतीत मठ्ठा पीत होतो. घरी आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. घर तव्यासारखं तापलेलं, पातेलं कोरडं. तो न्हाणीत होता. बादली पालथी होती आणि नळाच्या प्लॅस्टिकच्या तोटीवर दातांच्या खुणा होत्या. त्याला नळ फिरवता आला नाही.

रिक्षात घालून नेला, ओल्या चादरीत. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, पारा 108 च्या वर. कुत्र्याचं साधं तापमान एकशे एक-दोनच्या आसपास असतं. रात्री दोन वाजता गेला. त्याची फेरी मारायची वेळ. पाच वर्षांचा होता जेमतेम. धाकटीला आजही आम्ही हार्ट अटॅकच सांगितलंय. ती हे वाचेल. वाच बेटा. पडदे ओढून दार मी लावलं होतं, तू नाही.

टपरीवाल्याचा चेहरा मला आठवत नाही. वाक्य मात्र त्याच्या आवाजात ऐकू येतं.

म्हणून त्या पोरीसमोर तसं बोलले. तिच्या आईला हे माहीत नाही, तिच्या दृष्टीने मी तळमजल्यावरची खडूस काकू. असू दे. पण पिल्लू आता आलंय. ब्रीडरकडे परत केलं तर तो दुसऱ्याच्या गळ्यात मारेल, तेही नागपुरातच. तेव्हा माझ्या बडबडीचा त्या मोदकाला काही उपयोग नाही.

मघाशी न्हाणीतला जुना टब घासून ठेवला. माझ्याकडे आता इन्व्हर्टर आहे, आणि दुपारभर मी घरीच असते. वरच्या घराची एक चावी माझ्याकडे देऊन ठेव म्हणणार आहे तिला, म्हणजे डीपी गेली की त्याला इथे खाली आणता येईल. आत्ता लहान आहे तोवर मला उचलता येईल, पुढचं पुढे. पोरीसाठी दोन संत्रा बर्फ्या घेतल्यात. सोफ्याबद्दल माफी कशी मागायची ते जिन्यात ठरवते. जिन्यात म्हणजे, आत्ताच लाइट गेली.